खान्देशातल्या उन्हात पळायचंय? मग टी-शर्ट असा निवडा

आमच्या घरी नानखटाईचं साहित्य मोजायला आणलेला एक छोटा डिजिटल काटा होता. गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी मी त्याच्यावर घामानं निथळणारा टी-शर्ट ठेवला, आणि तेव्हापासून तो काटा माझा झाला. बायकोनं स्वतःसाठी नवा आणला. टी-शर्ट सुती होता, गोल गळ्याचा, कुठल्याशा कार्यक्रमात फुकट मिळालेला. कोरडा असताना १८४ ग्रॅम. मेहरूण तलावाच्या काठानं आठ किलोमीटर पळून आल्यावर ४३१ ग्रॅम. म्हणजे जवळपास पाव किलो पाणी मी अंगावर वागवत होतो. पुढच्या रविवारी तीच वेळ, तेवढंच अंतर, पण टी-शर्ट पातळ पॉलिएस्टरचा. कोरडा ९८ ग्रॅम, पळून आल्यावर १७६.

घाम दोन्ही रविवारी सारखाच आला होता. माझा घाम कमी येणाऱ्यातला नाही. लग्नात जेवायला बसलो तरी शेजारचा माणूस "बरं वाटत नाही का सर?" विचारतो. म्हणून हा विषय मी हौसेनं नाही, गरजेपोटी शिकलो. मी जळगावात शाळेत शिकवतो, सुट्टीच्या दिवशी पोलीस भरतीच्या पोरापोरींना पळवतो, आणि दर उन्हाळ्यात तेच प्रश्न ऐकतो: सर, कोणता टी-शर्ट घेऊ? महागच घ्यावा लागतो का? सुती चालत नाही का? त्याची उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

टी-शर्टचं काम काय, ते आधी समजून घ्या

घाम आला की गार वाटतं असं आपण म्हणतो. खरं तर घाम उडाला की गार वाटतं. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण उडाला तर तो अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आता हिशेब बघा. ६५ किलोचा माणूस तासाभरात दहा किलोमीटर पळाला तर साधारण ६५० किलोकॅलरी खर्च होतात, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग नुसती उष्णता म्हणून अंगात साठतो. म्हणजे लिटरभर घाम नीट उडाला तर काम भागायला हवं. पण भरपूर घाम येणाऱ्याचा दीड लिटर, कधी दोन लिटर जातो, कारण त्यातला बराचसा हनुवटीवरून, कोपरावरून टपटप गळतो. गळलेला घाम फुकट गेला. पाणी गेलं, मीठ गेलं, अंग मात्र तापलेलंच.

टी-शर्टचं काम इथं सुरू होतं. छातीवर आणि पाठीवर एका जागी साचणारा घाम कापडानं ओढून घ्यायचा, जास्तीत जास्त जागेवर पातळ पसरवायचा आणि हवेला देऊन टाकायचा. "अंग कोरडं ठेवतो" असं पाकिटावर छापलेलं असतं, ते फार मनावर घेऊ नका. तासाला दीड लिटर घाम येणाऱ्याला कोरडं ठेवेल असं कापड जगात नाही. चांगला टी-शर्टही भिजतो. फक्त तो जड होत नाही, अंगाला चिकटून बसत नाही आणि थांबल्यावर झटकन वाळतो.

खान्देशाची एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, पण हवा कोरडी ठणठणीत असते. ओला टॉवेल दांडीवर टाकून चहा पिऊन येईपर्यंत कडक होतो. त्याच हवेत आपला घामही झपाट्यानं उडतो. मुंबईत ३२ अंशांत जो निथळतो, त्याला आपल्याकडे ३६ अंशांत कमी चिकचिक वाटते ती यामुळेच. पण त्याची दुसरी बाजूही आहे. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याच्या वर गेली की वारा अंगाला गार करत नाही, तापवतो. तेव्हा सुटकेचा एकच मार्ग उरतो, घाम उडणे. तो मार्ग जाड कापडानं बुजवायचा नाही, एवढंच सूत्र धरून पुढे चला.

पहिली पायरी: आपला घाम मोजा

"मला खूप घाम येतो" हे प्रत्येकाला वाटतं. मोजल्यावर कळतं. पळायच्या आधी लघवी करून, शक्यतो कपड्यांशिवाय वजन करा. तासभर नेहमीच्या वेगानं पळा. आल्यावर अंग खसाखसा पुसून पुन्हा तसंच वजन करा. जितकं वजन घटलं त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. माझं एप्रिलमधलं एक उदाहरण: आधी ७१.२, नंतर ७०.१, मधे ३०० मिली पाणी. म्हणजे १.४ लिटर.

लिटरच्या आत असाल तर फार चिकित्सा करू नका, कुठलाही हलका पॉलिएस्टर टी-शर्ट चालेल. सव्वा-दीड लिटरच्या पुढे असाल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आणि टी-शर्ट वाळल्यावर त्याच्यावर पांढरे नकाशे उमटत असतील, तर तुमच्या घामात मीठही जास्त आहे. त्याचा संबंध कापड घासण्याशी येतो, तो खाली सांगतो.

दुसरी पायरी: लेबल वाचा, "ड्रायफिट" या शब्दावर जाऊ नका

आपल्या बाजारात "ड्रायफिट" हा शब्द आता "डालडा"सारखा झालाय. मुळात एका कंपनीच्या कापडाचं नाव, पण आता चमकणारा कुठलाही टी-शर्ट दुकानदार त्याच नावानं दाखवतो. तेव्हा मानेमागचं किंवा कडेच्या शिवणीतलं लेबल उलटून कापड कशाचं आहे ते बघा.

कापसाचं आधी बोलू, कारण आपण कापूस पिकवणारी माणसं. कापूस पाणी ओढत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. समईतली वात कापसाचीच असते आणि ती तेल वरपर्यंत चढवतेच. अडचण वेगळी आहे. कापसाचा तंतू पाणी नुसतं ओढत नाही, स्वतः पितो आणि फुगतो. साध्या हवेतसुद्धा कापसात त्याच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा मुरलेला असतो. पॉलिएस्टरमध्ये तो जेमतेम ०.४ टक्के. घामानं कापूस फुगला की विणीतली भोकं बुजतात, हवा आत येत नाही, कापड अंगाला डकवल्यासारखं बसतं. पॉलिएस्टरचा तंतू पाणी पीतच नाही. घाम दोन तंतूंच्या मधल्या फटींतून सरकत बाहेरच्या बाजूला जातो आणि तिथून उडतो.

इथं आमच्या वडिलांचा ठरलेला आक्षेप: "शेतात दिवसभर उन्हात राहणारा माणूस सुती सदरा घालतो, तो काय वेडा आहे?" अजिबात नाही. सैल पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा कोरड्या उन्हात उत्तमच. शेतकरी संथ लयीत काम करतो, दुपारी लिंबाखाली बसतो, घाम जसा येतो तसा सदऱ्यातून उडतो. सदरा किंचित ओला असला तर उलट गारवा देतो. पळणाऱ्याचा घाम मात्र कापडाच्या उडवण्याच्या ताकदीच्या पुढे जातो, आणि मग तो साचत राहतो. चालायला जाणाऱ्यांनी सुती टी-शर्ट खुशाल घालावा. पळणाऱ्यांनी, तेही अर्ध्या तासाच्या पुढे, घालू नये.

बाकीच्या कापडांचं थोडक्यात. शंभर टक्के पॉलिएस्टर हा आपल्यासाठी सरळ आणि स्वस्त पर्याय. नायलॉन जास्त मऊ, टिकाऊ, पण ओलावा चारेक टक्के धरतो आणि किंमतही जास्त. लायक्रा म्हणजे ताणणारा धागा, तो पाच-आठ टक्के असेल तर हरकत नाही, त्याच्या पुढे कापड जड आणि उबदार होतं. पॉलिएस्टर-कापूस मिश्रण दुकानात "सुतीसारखं मऊ, ड्रायफिटसारखं कोरडं" म्हणून विकतात. कापसाचा वाटा मोठा असेल तर ते पळताना कापसासारखंच वागतं. "बांबू" नावाचा टी-शर्ट हातात घेतला की लोण्यासारखा वाटतो. तो बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोस असतो, आणि व्हिस्कोस कापसापेक्षाही जास्त पाणी पितो, १३ टक्क्यांच्या आसपास. घरी घालायला छान.

तिसरी पायरी: वजन, वीण आणि दुकानातल्या चाचण्या

सगळे पॉलिएस्टर सारखे नसतात, आणि खरी फसगत इथंच होते. माझी झाली. पहिला "ड्रायफिट" मी घाईघाईत घेतला, गर्द निळा, छातीवर तळहाताएवढं रबरी छापकाम. लेबलवर शंभर टक्के पॉलिएस्टर. तिसऱ्या किलोमीटरला असं वाटायला लागलं की अंगावर खताची गोणी घातलीय. सोबत पारोळ्याकडचा एक पोरगा पळत होता, त्यानं कापडाला हात लावून अहिराणीत विचारलं, "सर, हाऊ टी-शर्ट शे का गोधडी शे?"

तेव्हापासून मी दुकानात पुढच्या गोष्टी केल्याशिवाय पैसे देत नाही.

आधी जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. ऑनलाइन घेताना बहुतेक ठिकाणी ते लिहिलेलं असतं. नेहमीचा सुती टी-शर्ट १६० ते १८० चा असतो, कॉलरवाला त्याहून जड. आपल्या उन्हाळ्यासाठी १०० ते १३० च्या दरम्यानचं कापड बघा. ९० च्या खाली कापड विरविरीत होतं, भिजलं की आरपार दिसतं आणि बॅगेच्या चेनला अडकून धागे निघतात. दुकानदाराला जीएसएम माहीत नसेल, जे नेहमीचंच आहे, तर हातावर तोलून बघा. मध्यम मापाचा टी-शर्ट शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आत असावा. शेजारी किराणा दुकान असेल तर काट्यावर ठेवा, लोक हसतील, हसू द्या.

मग कापड दुहेरी न करता तोंडाला लावून फुंका. पलीकडे धरलेल्या तळहातावर फुंकर स्पष्ट लागली पाहिजे. लागली नाही तर वीण घट्ट आहे, ते कापड खाली ठेवा. "डॉट निट" नावानं मिळणारं बारीक ठिपक्यांच्या भोकांचं कापड किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखी वीण असलेलं "हनीकॉम्ब" या चाचणीत बहुधा पास होतं. पूर्ण गुळगुळीत, चमकदार, साटिनसारखं कापड बहुधा नापास.

तिसरी चाचणी थेंबाची, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावरच. टी-शर्ट उलटा करून आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडा. बाटलीच्या झाकणातून बोट बुडवून सोडला तरी चालतो. चांगल्या कापडावर थेंब दोन-तीन सेकंदांत पसरून रुपयाच्या नाण्याहून मोठा डाग होतो, आणि लगेच उलटून पाहिलं तर बाहेरच्या बाजूला तो आणखी मोठा दिसतो. वाईट कापडावर थेंब अळूच्या पानावर बसल्यासारखा गोल बसून राहतो. तुमचा घामही तसाच आत बसणार आणि मग ओघळणार. दुकानदार कुरकुरला तर त्याला सांगा की पाणीच आहे, वाळेल. नाही वाळलं तर टी-शर्ट वाईट हे सिद्धच झालं.

या चाचणीतही एक मेख आहे. बऱ्याच स्वस्त टी-शर्टांची घाम ओढण्याची ताकद धाग्याची नसते. वरून दिलेल्या रसायनाच्या थराची असते, आणि धुण्यात तो थर हळूहळू निघून जातो. दहा-पंधरा धुण्यांनंतर टी-शर्ट "बिघडला" असं वाटतं ते त्यामुळे. याउलट काही धाग्यांचा आकारच खाचांचा असतो. अमेरिकेच्या ड्युपॉन्ट कंपनीनं १९८६ साली कूलमॅक्स नावाचा धागा आणला, त्यात हीच युक्ती होती: धागा गोल न ठेवता त्याच्या अंगाला उभ्या पन्हळी, म्हणजे घामाला वाहायला पाट. खाचा धुऊन जात नाहीत. पण दुकानात उभं राहून हे ओळखता येत नाही. म्हणून एकदम चार घेऊ नका. एक घ्या, महिनाभर वापरा, धुवा, पुन्हा थेंब टाकून बघा. टिकला तर त्याच प्रकारचे आणखी दोन आणा. तीन टी-शर्टांत आठवडा निघतो.

रबरी छापकामाची गोष्ट राहिली. छातीवर मंडळाचं नाव, पाठीवर मोठा आकडा, खाली प्रायोजक, असे टी-शर्ट आपल्याकडे क्रिकेटच्या टूर्नामेंटमधून घरोघर येतात. जिथं रबर आहे तिथून हवा जात नाही, आणि घाम नेमका छाती-पाठीवरच जास्त येतो. कापडातच रंग उतरवलेली छपाई असेल, हाताला वेगळा थर लागत नसेल, तर काही अडचण नाही. नखानं हलकं खरवडून बघा.

किमतीचं म्हणाल तर जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडला अडीचशे-चारशे रुपयांत या सगळ्या चाचण्या पास होणारा टी-शर्ट सापडतो, शोधायची तयारी हवी. हजार-बाराशेच्या टी-शर्टमध्ये शिवण चांगली असते, माप नेमकं असतं. जास्तीचे पैसे बरेचसे त्याचेच. टी-शर्टनं वेळ मात्र कमी होत नाही. कमी होतो तो त्रास.

चौथी पायरी: माप आणि शिवण

कोरड्या उन्हात टी-शर्ट किंचित सैल हवा. कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळली पाहिजे. कमरेजवळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दोन-दोन बोटं कापड हातात यावं. अंगाला घट्ट बसणारे टी-शर्ट जाहिरातीत रुबाबदार दिसतात, पण ४० अंशांत ती दुसरी कातडी होते. फार ढगळ घेतला तर भिजल्यावर घड्या पडतात आणि त्या घड्याच काखेत घासतात. दुकानातच दोन्ही हात वर करा, जागच्या जागी वीस उड्या मारा. पोट उघडं पडलं किंवा गळा मागे ओढला गेला तर माप बदला.

मग टी-शर्ट उलटा करून शिवणींवरून बोट फिरवा. चपटी शिवण बोटाला जेमतेम लागते, उभी शिवण दोरीसारखी लागते. जास्त घाम येणाऱ्याला उभी शिवण भोवते, कारण घाम वाळला की मागे राहिलेलं मीठ बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतं. खांद्यावरून थेट काखेकडे तिरकी जाणारी शिवण, म्हणजे रॅगलन बाही, सगळ्यात बरी. मानेमागे कापडी लेबल टोचत असेल तर कात्रीनं कापू नका, कापलेली कड जास्त टोचते. शिवण उसवून काढा.

पुरुषांसाठी एक न बोलली जाणारी गोष्ट बोलतो. लांब पळताना ओलं कापड स्तनाग्रांवर हजारो वेळा घासतं आणि रक्त येतं. माझ्या पहिल्या एकवीस किलोमीटरच्या पळण्यात पांढऱ्या टी-शर्टवर दोन लाल रेघा पोटापर्यंत उतरल्या होत्या. घरी आल्यावर आई घाबरली, मला संकोचानं काय सांगावं तेच कळेना. उपाय दहा रुपयांचा: मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी, निघण्याआधी कोरड्या अंगावर लावायची. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन. खोबरेल तेलही चालतं, पण आपल्या उन्हात ते लवकर ओघळून जातं.

मुलींनी आणि बायकांनी टी-शर्टच्या आधी आतल्या स्पोर्ट्‌स ब्राचं कापड बघावं. अंगाला लागून तीच असते. ती जाड सुती असेल तर वरचा टी-शर्ट कितीही चांगला असला तरी घाम आतच अडकणार. फुंकर आणि थेंब या दोन्ही चाचण्या तिलाही लावा. पातळ पांढरा टी-शर्ट भिजल्यावर पारदर्शक होतो, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पोरी फिकट राखाडी किंवा आकाशी घेतात, किंवा ठिपक्यांच्या छापाचा. त्यांच्यातल्या एकीनं शोधलेली युक्ती: भावाचा एक माप मोठा डॉट निट टी-शर्ट. लांबीही मिळते, हवाही खेळते, आणि गावातून ग्राउंडपर्यंत जाताना कोणी बघत बसत नाही.

ऊन, रंग आणि बाह्या

पहाटे पाचला निघून साडेसहाला परत येत असाल तर रंगाचा उष्णतेशी फारसा संबंध नाही. तेव्हा महत्त्व दिसण्याचं. महामार्गाच्या कडेनं पळणाऱ्यांनी फ्लुरोसंट पिवळा किंवा केशरी घ्यावा, मागे चमकणारी पट्टी असावी. अंधारात गडद टी-शर्ट घालून लळिंग घाटाच्या रस्त्यावर पळणारी पोरं मी पाहिलीत, ट्रकवाल्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

सूर्य वर आल्यावर पळणार असाल तर फिकट रंग. आणि इथं बरेच जण चुकतात ती बाब म्हणजे बाह्या. उकडतंय म्हणून बिनबाह्यांचं सिंगलेट घातलं की उघड्या खांद्यांवर ऊन थेट बसतं. सावलीत, ट्रॅकवर, पहाटे सिंगलेटइतकं सुख नाही. आठनंतरच्या उन्हात मात्र पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचा फिकट टी-शर्ट जास्त आराम देतो. शेतकऱ्याच्या सदऱ्याचं शहाणपण इथं उपयोगी पडतं. लेबलवर "यूपीएफ ५०" असेल तर उन्हातल्या अतिनील किरणांपैकी साधारण पन्नासावा हिस्साच कापडातून आत जातो. मोठ्या भोकांच्या जाळीतून मात्र ऊन सरळ आत येतं, म्हणून जाळी काखेत आणि कडांना असावी, खांद्यावर नको.

कोरड्या उन्हातली आणखी एक युक्ती: निघताना टी-शर्टच्या खांद्यांवर आणि छातीवर ओंजळभर पाणी मारा. ते पाणी उडताना अंगाची उष्णता नेतं आणि तेवढा तुमचा घाम वाचतो. मार्च ते मे याचा फायदा कळतो. जूनच्या मध्यानंतर नाही. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हवेतच ओल असते, घाम उडायला जागा मिळत नाही. तेव्हा पाणी मारून काही होत नाही. सर्वात पातळ, सर्वात जाळीदार टी-शर्ट काढा, आणि त्या दिवशी वेग कमी ठेवा.

भरतीच्या पोरांसाठी वेगळं

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत, म्हणजे ग्राउंडला, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं, आणि त्यावर २० गुण. एवढ्या कमी वेळात घाम टी-शर्ट जड करण्याइतका येतच नाही. म्हणजे परीक्षेच्या दिवशी महागडा टी-शर्ट घेऊन काही मिळत नाही, अंगवळणी पडलेला हलका टी-शर्ट पुरे. पण सराव तास-दीड तासाचा असतो, तिथं हे सगळं लागू पडतं. नवा टी-शर्ट ग्राउंडच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. किमान दोन लांब सरावांत, भिजेपर्यंत वापरून बघा, कुठं घासतो ते तेव्हाच कळतं.

आणि ते जाड जॅकेट. वजन उतरवायला मे महिन्यात विंडचीटर घालून, कधी आत प्लास्टिक गुंडाळून राऊंड मारणारी पोरं दरवर्षी दिसतात. काट्यावर किलो-दीड किलो कमी दिसतं ते पाणी असतं, दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं. चरबी त्यात इंचभरही हलत नाही. घाम उडायची वाट बंद, अंगातली भट्टी चालू, आणि बाहेर ४० अंश. उष्माघात यालाच म्हणतात. पळताना अंगावर काटा येऊन थंडी वाजायला लागली, चक्कर आली, बोलणं असंबद्ध झालं, तर टी-शर्ट कोणताही असो, तिथंच थांबायचं, सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा.

पाण्याचं वेगळं सांगायला नको, पण जास्त मीठ जाणाऱ्यांनी तासापुढच्या पळण्यानंतर लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक मोठं पाकीट घालून घोट घोट प्यावं.

धुण्यातच टी-शर्ट मरतात

पॉलिएस्टर पाणी धरत नाही, पण अंगाचं तेल घट्ट धरून ठेवतं. वास येतो तो त्या तेलावर वाढणाऱ्या जिवाणूंमुळे. पळून आल्यावर टी-शर्ट गोळा करून बॅगेत कोंबलात तर संध्याकाळपर्यंत तो कुजका वास धाग्यात मुरतो आणि मग कितीही साबण लावा, अंगाच्या उबेनं परत उठतो. आल्या आल्या साध्या पाण्यातून हिसळून दांडीवर टाका. धुणं नंतर होईल.

धुताना उलटा करा, कारण घाण आतल्या बाजूला असते. पावडर कमी, पाणी गार, खळबळ जास्त. ब्रश नको, धोपटणं नको, जीन्सच्या सोबत मशीनमध्ये नको. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबण नीट सुटत नाही आणि विणीत पांढरा थर साचतो. म्हणून शेवटी एक बादली जास्तीचं पाणी काढा. कपडे मऊ आणि सुगंधी करणारं लिक्विड या टी-शर्टांना कधीच लावू नका. ते धाग्यावर मेणासारखा थर चढवतं, आणि थेंब पुन्हा अळूच्या पानावर बसल्यासारखा बसतो. वास फारच मुरला असेल तर अर्ध्या बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग धुवा. वाळवायचं सावलीत. दहा मिनिटं जास्त लागतात, पण लायक्राचा ताण आणि रंग टिकतो. इस्त्री लागत नाही, गरम इस्त्री तर लावूच नका, पॉलिएस्टर वितळून चकाकतं.

दीड-दोन वर्षांनी थेंब पसरेनासा झाला, काखेतला वास व्हिनेगरलाही हटेनासा झाला, की टी-शर्टला निरोप द्या. फरशी पुसायला मात्र काढू नका, पाणी टिपत नाही, नुसतं पुढे ढकलतो. त्या कामाला माझा तो १८४ ग्रॅमचा सुती टी-शर्ट आहे. आता तो मोटारसायकल पुसतो, आणि पाणी धरून ठेवण्यात अजूनही त्याचा हात कोणी धरत नाही.